दिवसा ४० अँपिअर, रात्री ०.२ अँपिअर : एकाच क्लॅम्प सीटीने दोन्ही कसे मोजावे?

रात्रभार_मकरपुरा :

नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझ्या थोरल्या भावाचे छोटे मशिन शॉप आहे. सीएनसी लेथ, कॉम्प्रेसर, एक जुने मिलिंग मशिन आणि दिवे-पंखे असा तीन फेजचा भार असून दिवसा प्रत्येक फेजमधून ३० ते ४० अँपिअर प्रवाह वाहतो. काम थांबल्यावर मशिनांचे मुख्य स्विच मात्र बहुतेक वेळा चालूच राहतात. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, पीएलसी (मशिनचा नियंत्रक), मोटर ड्राइव्हचे फिल्टर आणि पॅनेलमधले छोटे पंखे यांच्यामुळे रात्रभर थोडीफार वीज जात असणार हे उघड आहे. ती किती जाते आणि कोणत्या मशिनकडे जाते, एवढेच मला शोधून काढायचे आहे.

यासाठी मी तिन्ही फेजवर एससीटी-०१३-००० हे उघडून तारेभोवती बसवता येणारे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लावले आहेत. हे सीटी १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देतात. प्रत्येकावर २२ ओहमचा बर्डन रेझिस्टर (सीटीच्या प्रवाहाचे व्होल्टेज करणारा) लावून सिग्नल ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीला (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाला) दिला आहे. दिवसाचे रीडिंग हातातल्या क्लॅम्प मीटरशी दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळते. अडचण रात्रीची आहे. सीटीमधून तार पूर्ण बाहेर काढली तरी रीडिंग ०.२५ अँपिअरच्या आसपास राहते, आणि रात्री तार आत असताना ते ०.३२ च्या आसपास दिसते. वजाबाकी केली तर ०.०७ अँपिअर उरतो. परंतु हातातला क्लॅम्प मीटर त्याच तारेवर ०.१५ ते ०.२४ यांच्या दरम्यान काहीही दाखवतो.

माझे प्रश्न असे आहेत. सीटीच खराब आहे का? १६ बिटचा एडीसी घेतला तर काम होईल का? की एवढा लहान प्रवाह क्लॅम्पने मोजताच येत नाही? सर्किट तोडून मधे मीटर घालणे शक्य नाही, कारण दुकान आठवड्याचे सहा दिवस चालते आणि भाऊ पॅनेलला हात लावू देत नाही.

जुना_वाइंडर :

भाऊ, सीटी खराब नाही. खरेदीला निघण्यापूर्वी आधी साधा हिशेब मांडून पाहू. या सीटीचे गुणोत्तर २००० ला १ आहे. रात्रीचा प्रवाह ०.२ अँपिअर धरला, तर दुय्यम वायंडिंगमध्ये ०.१ मिलिअँपिअर येतो आणि २२ ओहमवर त्याचा २.२ मिलिव्होल्ट होतो. ईएसपी३२ चा एडीसी १२ बिटचा, म्हणजे ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग. एक पायरी सुमारे ०.८ मिलिव्होल्टची. आपल्या सिग्नलचे शिखर जेमतेम चार पायऱ्यांचे आहे. शिवाय त्या एडीसीला स्वतःचा गोंगाट भरपूर असतो आणि वायफाय चालू असताना तो वाढतो. सीटी रिकामा असताना दिसणारे ०.२५ अँपिअर म्हणजे हाच गोंगाट. त्यामुळे चांगला एडीसी घेतल्याने फरक पडेल, निश्चित पडेल. पण तेवढ्याने काम संपेल असे समजू नये, कारण पुढची अडचण लोखंडात आहे, बिटांत नाही.

सीटीचे मूळ समीकरण अँपिअर-वेढ्यांचे आहे. प्राथमिक बाजूचे अँपिअर-वेढे दुय्यम बाजूला पूर्ण पोहोचत नाहीत. त्यातला थोडा भाग कोअरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात खर्च होतो. त्याला मॅग्नेटायझिंग करंट म्हणतात, आणि सीटीची सगळी चूक या खर्चातून येते. सामान्य कोअर पदार्थांची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र सहज वाहू देण्याची क्षमता) क्षेत्र अगदी लहान असताना कमी असते, मध्यम क्षेत्रात वाढते आणि पुढे संपृक्तता येऊ लागली की पुन्हा घसरते. याचा अर्थ असा की प्रवाह जितका लहान, तितका हा खर्च मिळकतीच्या प्रमाणात मोठा. म्हणून चांगल्या मापन सीटींच्या प्रमाणकातही लहान प्रवाहाला सैल मर्यादा दिलेली असते. आयईसी ६१८६९-२ नुसार वर्ग १ च्या सीटीला पूर्ण प्रवाहावर १ टक्का, २० टक्के प्रवाहावर १.५ टक्के आणि ५ टक्के प्रवाहावर ३ टक्के चूक चालते, आणि त्याच्या खाली प्रमाणक काहीच बोलत नाही. ०.५एस या वर्गात ही हमी १ टक्का प्रवाहापर्यंत खाली नेलेली आहे, तेथे १.५ टक्के चूक मान्य आहे. आपले ०.२ अँपिअर १०० अँपिअरच्या सीटीचा ०.२ टक्का होतात, म्हणजे एस वर्गाच्याही शेवटच्या बिंदूच्या पाचवा हिस्सा. वर्ग ३ च्या सीटीला तर हमी फक्त ५० आणि १२० टक्क्यांवर असते, आणि उघडझापीचे स्वस्त सीटी बहुधा याच वर्गाच्या आसपासचे असतात.

आता उघडझापीच्या सीटीची खास गोष्ट सांगतो. याचा कोअर दोन तुकड्यांचा आहे आणि ते तुकडे जिथे भिडतात तिथे हवेची फट राहतेच. कोअरचा चुंबकीय मार्ग १०० मिलिमीटर आणि सापेक्ष पारगम्यता २००० धरली, तर तो अख्खा कोअर चुंबकीय दृष्टीने फक्त ०.०५ मिलिमीटर हवेच्या बरोबरीचा ठरतो. ए-४ आकाराचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तसा एक कागद जबड्याच्या एका सांध्यात राहिला, तर एकूण अडथळा तिप्पट होतो आणि इंडक्टन्स एक तृतीयांशावर येतो. मशिन शॉपमध्ये कटिंग ऑइल आणि लोखंडाची बारीक भुकटी हवेत असतेच, आणि ती भुकटी चुंबकीय असल्याने नेमकी त्या सांध्यावर जाऊन बसते. म्हणून सीटी बसवण्यापूर्वी दोन्ही भिडणारे पृष्ठभाग स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत, घासकागद चुकूनही लावू नये, आणि बंद करताना कडी पूर्ण बसल्याचा आवाज ऐकावा.

फटीचा एक फायदाही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फटीमुळे चूक मोठी होते, पण प्रवाहाबरोबर फारशी बदलत नाही, कारण हवेची पारगम्यता प्रवाहावर अवलंबून नसते. जी चूक स्थिर आहे ती मोजून दुरुस्त करता येते. अखंड सिलिकॉन स्टीलच्या कोअरमध्ये चूक लहान असते, पण प्रत्येक प्रवाहाला वेगळी असते. लहान प्रवाहासाठी अखंड रिंगच घ्यायची असेल तर निकेल मिश्रधातूची किंवा नॅनोक्रिस्टलाइन पट्टीची घ्यावी, कारण त्यांची पारगम्यता अगदी लहान क्षेत्रातही भरपूर असते.

यावर सर्वात स्वस्त आणि सर्वात जुना उपाय म्हणजे तारेचे वेढे वाढवणे. ज्या तारेत ०.२ अँपिअर आहे, तिचे दहा वेढे सीटीमधून घातले की सीटीला २ अँपिअर दिसतात, आणि एडीसीचा प्रश्न व कोअरचा प्रश्न दोन्ही एकदम दहा पटींनी हलके होतात. मग रीडिंगला दहाने भागावे. अर्थात ४० अँपिअरच्या जाड मेन तारेचे दहा वेढे त्या १३ मिलिमीटरच्या भोकात बसणार नाहीत, आणि बसले तरी दिवसा ४०० अँपिअर झाले असते. म्हणून माझा सल्ला असा की रात्रीचा भार मेनवर मोजूच नये. प्रत्येक मशिनच्या पॅनेलमध्ये कंट्रोल सप्लायचा वेगळा एमसीबी असतो, बहुधा २ किंवा ६ अँपिअरचा. त्याची तार बारीक असते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मेन बंद करून आणि टेस्टरने खात्री करून, त्या तारेची एक लांब वळी तयार करून ठेवा. नंतर सीटी केव्हाही त्या वळीवर लावता आणि काढता येईल.

एक सावधगिरी. या एससीटीच्या आत व्होल्टेज मर्यादित ठेवणारा डायोड असतो, म्हणून बर्डन सुटला तरी तो सहन करतो. पॅनेलवरच्या ५ अँपिअर दुय्यमच्या सीटीला मात्र असे संरक्षण नसते. चालू प्रवाहात त्याचे दुय्यम टोक उघडे पडले, तर तिथे धोकादायक व्होल्टेज उभे राहते. त्या सीटीच्या वायरिंगला प्रयोगासाठी हात लावू नये.

कारेलीबाग_वाचक :

हातातल्या क्लॅम्प मीटरबद्दल थोडेसे. त्याच्या पुस्तिकेत अचूकता केवळ टक्क्यांत नसते. 'अडीच टक्के अधिक पाच अंक' अशा पद्धतीने लिहिलेली असते. शेवटचा अंक ०.०१ अँपिअरचा असेल, तर पाच अंक म्हणजे ०.०५ अँपिअर. ०.२ वर तीच चूक २५ टक्के झाली. म्हणून ०.१५ ते ०.२४ दाखवणारा आपला मीटर त्याच्या हमीबाहेर गेलेला नाही.

दुसरे असे की एकूण भाराचा ताळा घेण्यासाठी एमजीव्हीसीएल या वीज कंपनीचा मीटर समोर आहेच. त्यावरचा लाल एलईडी किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट होते, तो आकडा मीटरच्या तोंडावर छापलेला असतो. समजा तो १६०० आहे आणि रात्री दर साडेबावीस सेकंदांनी एक पल्स येते, तर भार १०० वॉट आहे. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा-बारा पल्स मोजल्या की पुरे. आयईसी ६२०५३-२१ प्रमाणे थेट जोडणीच्या वर्ग १ च्या मीटरने मूळ प्रवाहाच्या ०.४ टक्के प्रवाहावर मोजणी सुरू केली पाहिजे, म्हणजे १० अँपिअरच्या मीटरला ४० मिलिअँपिअर पुरतात. कोणते मशिन किती खाते हे त्यातून कळणार नाही, पण आपल्या सीटींची बेरीज बरोबर आहे का, हे मात्र नक्की कळेल. वॉट हवे असतील तर अँपिअरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

तंत्रनिकेतन_शिक्षिका :

जुना_वाइंडर काकांनी कोअरचे सांगितले आहे, म्हणून मी गोंगाटाच्या हिशेबापुरते लिहिते. ०.३२ मधून ०.२५ वजा करून ०.०७ काढणे गणिताच्या दृष्टीने चूक आहे. आरएमएस मूल्ये (वर्गांच्या सरासरीची वर्गमुळे) सरळ बेरजेने एकत्र होत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ०.३२ चा वर्ग ०.१०२४, ०.२५ चा वर्ग ०.०६२५, वजाबाकी ०.०३९९ आणि तिचे वर्गमूळ ०.२०. म्हणजे आपला प्रवाह ०.०७ नसून ०.२० अँपिअर आहे, आणि हातातल्या मीटरच्या रीडिंगच्या मधोमध तो बसतो. सॉफ्टवेअरमध्ये ही एक ओळ बदलली, तर आजच्याच सामग्रीवर आकडा बराच सुधारेल.

परंतु याच उदाहरणात या युक्तीची मर्यादाही दिसते. गोंगाट नेहमी ०.२५ च राहील असे नाही. तो दहा टक्क्यांनी वाढून ०.२७५ झाला, तर हाच हिशेब ०.१६ देतो, दहा टक्क्यांनी घटला तर ०.२३ देतो. मोठ्या संख्येतून जवळपास तेवढीच मोठी संख्या वजा करून लहान संख्या काढायची, तर असे होणारच. म्हणून गोंगाट वजा करण्यापेक्षा तो कमी करणे केव्हाही चांगले. एडीएस१११५ हा १६ बिटचा एडीसी सर्वात लहान रेंजमध्ये, म्हणजे ±०.२५६ व्होल्टला, सुमारे ७.८ मायक्रोव्होल्टची पायरी देतो, त्याच्यासमोर २.२ मिलिव्होल्ट ही चांगली मोठी रक्कम आहे. त्याचा वेग मात्र सेकंदाला जास्तीत जास्त ८६० नमुने, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात १७. शिवाय प्रत्येक नमुना तो साधारण १.२ मिलिसेकंदांच्या काळातली सरासरी म्हणून देतो. ड्राइव्हचे आणि एसएमपीएसचे (स्विचिंग पॉवर सप्लायचे) प्रवाह सलग साइनच्या आकाराचे नसून व्होल्टेजच्या शिखरापाशी एक-दोन मिलिसेकंदांचे अरुंद सुळके असतात. ते सुळके या सरासरीत बोथट होतात आणि आरएमएस कमी दिसते. पीएलसीच्या पुरवठ्यावर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

माझा खरा आग्रह वेगळाच आहे, आणि वरच्या उत्तरातल्या शेवटच्या वाक्याशी तो जुळतो. व्होल्टेजही त्याच क्षणी मोजा आणि दोन्हींचा क्षणोक्षणी गुणाकार करून सरासरी काढा, म्हणजे थेट वॉट मिळतील. यात एक मोठा फायदा दडलेला आहे. आरएमएसमध्ये गोंगाटाचा वर्ग होतो, त्यामुळे तो नेहमी धन असतो आणि कितीही वेळ सरासरी घेतली तरी नाहीसा होत नाही. गुणाकारात मात्र गोंगाटाचा व्होल्टेजशी संबंध नसल्याने तो कधी धन तर कधी ऋण येतो, आणि दहा-वीस सेकंदांच्या सरासरीत जवळपास मिटतो. अगदी आपल्या ईएसपी३२ वरसुद्धा वॉटचा आकडा अँपिअरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ स्थिर येईल. ऊर्जा मीटरच्या चिप याच तत्त्वावर चालतात. एडीई७९५३ या चिपसाठी निर्मात्याने ३००० ला १ एवढ्या पट्ट्यात ०.१ टक्क्यापेक्षा कमी चूक सांगितलेली आहे. ४० अँपिअर आणि ०.२ अँपिअर यांचे गुणोत्तर फक्त २०० आहे, म्हणजे चिपच्या बाजूने आपला प्रश्न अवघड नाही. त्या चिपसमोर सीटी कोणता, हा भाग काकांचा.

जुना_वाइंडर :

मॅडमनी चेंडू परत माझ्याकडे टाकलाच आहे, आणि वॉट म्हटले की सीटीची दुसरी चूक समोर येते, तिच्याविषयी मी वर लिहिले नव्हते. ती फेजची चूक. दुय्यम प्रवाह प्राथमिक प्रवाहाच्या किंचित पुढे असतो, आणि वायंडिंग व बर्डन यांच्या एकूण रेझिस्टन्सला मॅग्नेटायझिंग रिअ‍ॅक्टन्सने भागले की हा कोन रेडियनमध्ये मिळतो. उदाहरणापुरता एकूण रेझिस्टन्स १५० ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स ३००० ओहम धरू. कोन ०.०५ रेडियन, म्हणजे जवळपास ३ अंश. आणि त्याच वेळी अँपिअरमधली चूक फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास. सांध्यात कागदाएवढी फट पडून रिअ‍ॅक्टन्स १००० वर आला, तर कोन साडेआठ अंश होतो आणि अँपिअरमधली चूक तरीही सुमारे १ टक्काच राहते. क्लॅम्प मीटरशी अँपिअर जुळतात म्हणून सीटी चांगला, या निष्कर्षावर माझा म्हणूनच विश्वास नाही.

३ अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात. पॉवर फॅक्टर (खरे वॉट भागिले व्होल्ट-अँपिअर) १ असेल तर ते क्षुल्लकच आहेत. पण रात्री जो भार उरतो तो कसला असतो? रिकामा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि ड्राइव्हचे फिल्टर कपॅसिटर. पॉवर फॅक्टर ०.२ मागे (प्रवाह व्होल्टेजच्या मागे) असेल, तर ३ अंशांची चूक वॉटमध्ये २५ टक्के जास्त दाखवते, ०.२ पुढे असेल, तर २५ टक्के कमी. ०.४७ मायक्रोफॅराडचा एक फिल्टर कपॅसिटर २३० व्होल्टवर ३४ मिलिअँपिअर घेतो आणि त्यात वॉट जवळजवळ शून्य असतात. नुसत्या अँपिअरला २३० ने गुणून जो रात्रीचा खर्च काढेल, त्याला हे सगळे कपॅसिटर बिलात आल्यासारखे वाटतील.

ही चूक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ४० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब मिळाला तर पाहा. तो २३० व्होल्टवर ०.१७ अँपिअर घेतो, म्हणजे आपल्या रात्रीच्या प्रवाहाएवढाच, आणि त्याचा पॉवर फॅक्टर १ असतो. त्या बल्बवर व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यात जो कोन आपल्या यंत्रणेला दिसेल, तो संपूर्ण सीटीचा, व्होल्टेज सेन्सरचा आणि नमुन्यांमधल्या वेळेच्या फरकाचा मिळून आहे. तेवढा कोन सॉफ्टवेअरमध्ये मागे सरकवा. हे कॅलिब्रेशन १० अँपिअरच्या हीटरवर करून ०.२ अँपिअरला लागू करू नये. ज्या प्रवाहात मोजायचे, त्याच प्रवाहात करावे. मकरपुऱ्यातच एर्डा ही विद्युत चाचणी संस्था आहे, तिथे सीटी कॅलिब्रेशनला दिलात तर कोणते बिंदू हवेत ते अर्जात स्पष्ट लिहा, आणि त्यात सर्वात खालचा बिंदू आवर्जून मागा.

बर्डनविषयीही एक वाक्य. सिग्नल वाढावा म्हणून २२ च्या जागी २२० ओहम लावण्याचा मोह होतो. त्याने व्होल्टेज वाढते, पण वरच्या भागाकारात अंशही वाढतो. त्यापेक्षा बर्डन लहान ठेवून पुढे अ‍ॅम्प्लिफायर लावणे योग्य. आणि ऑप-अँपच्या करंट-टू-व्होल्टेज जोडणीत तर सीटीला बर्डन जवळपास शून्यच दिसतो. वायंडिंगचा स्वतःचा रेझिस्टन्स मात्र उरतोच.

रात्रभार_मकरपुरा :

सर्वांचे मनापासून आभार. वर्गांच्या वजाबाकीने मेनवरचे रीडिंग ०.१७ ते ०.२२ यांच्या दरम्यान येऊ लागले आहे. वळीचा उपाय भावाच्या गळी उतरला. सुट्टीच्या दिवशी एका लेथच्या कंट्रोल सप्लायवर दहा वेढ्यांची वळी तयार करून ठेवली आहे. एक नवी गोष्ट लक्षात आली, ती विचारतो. मशिनचा कंट्रोल स्विच बंद केला, म्हणजे वळीतून प्रवाह जाण्याचा मार्गच उरला नाही, तरी तार जिवंत असताना सीटी काही मिलिअँपिअर दाखवतो. एमसीबी खाली पाडला की ते रीडिंग नाहीसे होते. प्रवाह नसताना हे कुठून येते? शेजारच्या तारांचे क्षेत्र असावे का?

तंत्रनिकेतन_शिक्षिका :

शेजारच्या तारांचे क्षेत्र असते, तर या तारेचा एमसीबी पाडल्याने ते गेले नसते. आपल्याला दिसते आहे ते प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र नसून व्होल्टेजचे विद्युत क्षेत्र आहे. तारेचे इन्सुलेशन आणि सीटीचे वायंडिंग मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. तो १० पिकोफॅराड धरला तरी २३० व्होल्टला ५० हर्ट्झवर ०.७ मायक्रोअँपिअर वाहतो. २० मिलिअँपिअर मोजताना सीटीच्या दुय्यम बाजूला एकूण १० मायक्रोअँपिअरच येतात. त्यात हे ०.७ मिसळले तर सात टक्के झाले. आपण वेढे दहा घातल्याने जिवंत तारेचा पृष्ठभागही वाढला, हे ध्यानात घ्या. आणि वर मी ज्या फायद्याचे कौतुक केले, तो येथे उपयोगी पडत नाही. हे क्षेत्र ५० हर्ट्झचेच असल्याने व्होल्टेजशी त्याचा संबंध आहे आणि सरासरीत ते मिटत नाही.

उपाय सोपा आहे. भार फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला असेल, तर सीटी फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेवर लावा. प्रवाह तोच, पण न्यूट्रलचे जमिनीसापेक्ष व्होल्टेज एक-दोन व्होल्टच असल्याने हा परिणाम जवळजवळ संपतो. त्या न्यूट्रलमध्ये दुसऱ्या कुणाचा प्रवाह परतत नाही, एवढी खात्री मात्र करून घ्यावी. शिवाय सीटी उलटा करून दोन रीडिंग घ्या. तारेतल्या प्रवाहाच्या वॉटचे चिन्ह उलटते आणि विद्युत क्षेत्रामुळे येणाऱ्या भागाचे बहुतांशी उलटत नाही. दोन्हींच्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे खरे वॉट.

शेजारच्या तारेचा प्रश्नही अगदीच काल्पनिक नाही. १ अँपिअरच्या लांब तारेपासून एक सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र असते. पूर्ण बंद कोअर बाहेरचे क्षेत्र बरेचसे नाकारतो, पण सांध्याच्या फटीपाशी ते आत शिरते. पॅनेलमध्ये ४० अँपिअरची तार सीटीच्या सांध्याला घासून जात असेल, तर सीटी फिरवून सांधा त्या तारेपासून दूर न्यावा.

रात्रभार_मकरपुरा :

या लेथचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टच्या दोन फेजमध्ये जोडलेला असून बाहेर ११० व्होल्ट देतो. प्राथमिक बाजूला न्यूट्रलच नाही. अशा वेळी ११० व्होल्टच्या बाजूचे अर्थिंग केलेले टोक मोजले तर चालेल का?

जुना_वाइंडर :

मोजमाप सुंदर येईल, पण ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला आहे, तेच त्यात सापडणार नाही. दुय्यम बाजूला मोजले, तर ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या कोअरची झीज हिशेबातून निसटते, आणि रात्री कॉन्टॅक्टर सुटलेले असताना त्या फांदीतला मोठा वाटा बहुधा तोच असतो. तेव्हा प्राथमिक बाजूलाच मोजा. तिथे दोन्ही तारा जिवंत आहेत, म्हणून मॅडमनी सांगितलेले सीटी उलटवण्याचे तंत्र वापरा. आणि वळी व सीटी यांच्यामध्ये पातळ तांब्याच्या पट्टीचा एक वेढा देऊन ती पट्टी मोजमापाच्या सर्किटच्या ग्राउंडला जोडा. पट्टीची दोन टोके एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर तो सीटीभोवतीचा बंद वेढा होऊन सिग्नल खाईल. हे सर्व मेन बंद असताना करावे, आणि पट्टीवर बाहेरून इन्सुलेशन असावे. व्होल्टेजही मग त्याच दोन फेजमधले घ्यावे लागेल; फेज-न्यूट्रल व्होल्टेजने गुणलेत, तर ३० अंशांचा फरक वॉटमध्ये शिरेल.

कारेलीबाग_वाचक :

पुढे कोणी हा धागा आरसीसीबी (जमिनीकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडण्याच्या तक्रारीसाठी वाचेल, त्यांच्यासाठी एक भर घालतो. गळतीचा प्रवाह मोजताना एक तार नव्हे, तर फेज आणि न्यूट्रल, किंवा तिन्ही फेज आणि न्यूट्रल, एकत्र जबड्यात घ्यायचे असतात. अर्थिंगची तार बाहेर ठेवायची. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि उरते ती गळती. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० यांच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो, त्यामुळे इथे एक-दोन मिलिअँपिअरलाही किंमत आहे. एससीटी-०१३ या कामाचा नाही. गळतीसाठी आयईसी ६१५५७-१३ या प्रमाणकाला धरून बनवलेले वेगळे क्लॅम्प मिळतात. त्यांचे जबडे बाहेरच्या क्षेत्रापासून झाकलेले असतात. विकत घेताना या प्रमाणकाचा क्रमांक पुस्तिकेत छापलेला आहे का, ते दुकानातच पाहून घ्यावे.